पुराचं सांगणं

मला भाव विचारायची खोड आहे. घ्यायचं नसलं तरी विचारते. अकोल्याला माहेरी असताना आई मला भाजीबाजारात सोबत न्यायला कंटाळायची, कारण मी एका गाड्यावर मेथीची जुडी केवढ्याला म्हणून विचारायची आणि उत्तर ऐकून पुढच्या गाड्यावर जायची. आई म्हणायची, "तुले भाजी पाह्यजे का भाव पाह्यजे?" मला भावच पाहिजे असायचा. तोच कांदा बाजाराच्या या टोकाला पाच रुपये आणि त्या टोकाला सहा, तर मधल्या पन्नास पावलांत त्याचं असं काय होतं, हे मला कळायचं नाही. पुढं मी बी.कॉम. केलं. तिथंही कळलं नाही.

मग लग्न होऊन मी एका किराणा दुकानाची सून झाले. नवरा अकोल्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला, रविवारी घरी यायचा. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. घरात मी, मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि पुढच्या खोलीत दुकान. गाव दर्यापूर तालुक्यातलं, पूर्णेच्या काठी. पुढून नदी, मागून नाला, आणि दोन्ही खालच्या अंगाला एकमेकांना मिळतात. नदीवर बुटका पूल होता, त्याला सगळे रपटा म्हणत. पावसाळ्यात वर कुठं जोराचा पाऊस झाला की रपटा पाण्याखाली जायचा, नाला फुगायचा आणि आमच्या गावाचं बेट व्हायचं. कधी दोन दिवस, कधी आठ. मोठ्या पुलाची मोजमापं घेऊन माणसं जायची ती जायचीच, पूल काही व्हायचा नाही.

गावात दुकानं दोन. आमचं, आणि गल्लीच्या पलीकडे अगदी समोर, चाचीचं. सगळं गाव तिला चाचीच म्हणायचं. ती विधवा होती. नवरा गेल्यावर दुकान तिनं एकटीनं चालवलं. आमच्या ओट्यावरून तिच्या तराजूचा काटा दिसायचा, इतकं जवळ. तरी मामाजी तिच्या ओट्यावर चढलेले किंवा ती आमच्याकडे आलेली मी कधी पाहिली नव्हती. सकाळी दुकान उघडताना दोघं एकमेकांकडे बघून मान हलवायचे, तेवढंच. मला वाटलं, चुरस आहे. दोन किराणा दुकानं समोरासमोर म्हटल्यावर दुसरं काय असणार?

मामाजींना एका गोष्टीचा अभिमान होता, आणि ते तो लपवत नसत. पुरात त्यांच्या दुकानातून कोणी रिकाम्या हातानं परत गेलं नव्हतं. आणि पाणी चढलं त्या दिवशीचा जो भाव, तोच पाणी उतरेपर्यंत. मी एकदा त्यांना मागणी आणि पुरवठा समजावून सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, पुरात लोकं जातीन कुठी? जे कुठी जाऊच शकत नाही त्याच्याशी कायचा भाव कराचा?"

पहिल्याच वर्षी मला गावात ज्याला पुराचं सांगणं म्हणत ते पाहायला मिळालं. पावसाच्या तोंडावर रोहिण्या लागल्या की गावातल्या बायका दुपारी एकेक करून आमच्या ओट्यावर येऊन बसायच्या आणि पुरात आपल्या घराला काय लागेल ते सांगायच्या. "आमच्या घरी बेसन तीन किलो, तेल दोन, चाय पाव, तुरटी एक मोठी." पैसे द्यायचे नाहीत, लिहायचं नाही, फक्त सांगायचं. मामाजी डोळे मिटून ऐकायचे. मी वही घेऊन बसले तर म्हणाले, "ठेव ते. लिवलं का मानूस इसरते."

मला प्रश्नच प्रश्न. सगळ्यांना बेसनच काहून इतकं लागतं? तुरटी कशाला? घरात तूर असून कोणी डाळीचं नावच काढत नाही, ते काहून? एका म्हाताऱ्या आजीनं, जी माझ्या प्रश्नांना सगळ्यात कमी वैतागायची, मला समजावलं. आमचा पट्टा खाऱ्या पाण्याचा. विहिरीच्या पाण्यात डाळ दिवसभर शिजवली तरी दाणा दाण्यापाशीच राहतो. म्हणून वरणाला नदीचं पाणी. पुरात नदी गढूळ, मग वरण बंद आणि पिठलं सुरू. तुरटी पिण्यापुरत्या गढूळ पाण्यात फिरवायला. मला फार आनंद झाला. कोणाच्या सांगण्यात बेसन वाढलं की त्या घरी यंदा पाहुणे यायचेत, एवढं मला पुढं ऐकूनच कळायला लागलं.

एक गोष्ट मात्र कळली नाही. सगळ्यांनी सांगितलेलं मी मनात जुळवत होते. मामाजी अकोल्याहून माल घेऊन आले तेव्हा मेटॅडोरमधून उतरला तो निम्माच.

"मामाजी, सांगतलं एवढं आणि आणलं निम्मं?"

"पुरते," ते म्हणाले.

आणि खरंच पुरलं. त्या वर्षी पाच दिवस पूर राहिला, पण कोणी रिकाम्या हातानं गेलं नाही. मी माझ्यापुरतं उत्तर शोधून काढलं. बायका वाढवून सांगत असणार. मामाजींना ते माहीत असणार, म्हणून ते निम्मं करत असणार. उत्तर इतकं सोपं निघालं म्हणून मी खूश झाले आणि पुन्हा विचारलं नाही. सगळ्या आयुष्यात जिथं विचारायला पाहिजे होतं तिथं नेमकी मी गप्प बसले.

ती वर्षं कापसाची वाईट होती. दुकानात बसलेल्याला ते कोणी सांगावं लागत नव्हतं. अर्धा किलो साखर नेणारं घर पाव किलोवर आलं, पाववालं आदपाववर आणि चहाच्या पाकिटाऐवजी पुड्या सुटायला लागल्या. कागद जास्त लागत होता आणि माल कमी. अशात तालुक्याच्या गावी मोठं दुकान निघालं, आपल्या हातानं टोपलीत सामान घ्यायचं तसलं. गावात बातमी आली ती भावासकट. साखर किलोमागं दीड रुपयानं कमी आणि दोन साबणांवर एक फुकट.

मला राहवेल कशाला? आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी गल्लीतल्या चार बायकांबरोबर काळीपिवळी जीपमध्ये कोंबून घेऊन मीही गेले. मामाजींना सांगितलं, भाव पाहून येते. ते म्हणाले, "पाह्यून ये." ती दुपार मी कधी विसरणार नाही. आतमध्ये पंख्याचा गार वारा, आणि प्रत्येक वस्तूखाली भाव चिकटवलेला. विचारायची गरजच नाही. मला जरा चुकल्यासारखं झालं. आमच्यातली एक जण बेसनाचं पाकीट नाकाशी धरून वास येतो का बघत होती. दुसरी चिकटवलेला भाव वाचून म्हणाली, "हे त झालं या दुकानवाल्यायचं. आता आपलं सांगाच न." आणि घासाघीस करायला माणूस शोधत फिरली. सगळ्यात गंमत झाली ती पैसे देण्याच्या खिडकीपाशी. आमच्या गावच्या दोन्ही दुकानांत तोलून झालं की वरून एक मूठ टाकायची रीत. आमची एक बाई पैसे देऊन झाल्यावरही पिशवीचं तोंड उघडं धरून तशीच उभी. तिथली पोरगी म्हणाली, "काकू, झालं." बाई म्हणाली, "हो, मंग टाक न." पोरीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि शेवटी एक चॉकलेट टाकलं. बाई बाहेर येऊन म्हणाली, "हातच आखडता हाय लोकायचा. पन साखर सस्ती हाय."

आणि मी? मी दोन साबण घेतले आणि तिसरा फुकटचा. किराणा दुकानाची सून, घरात साबणाचे खोके रचलेले, आणि मी तिथून साबण घेऊन पदराखाली लपवून आणले. आजही आठवलं की मला माझी लाज वाटते.

पुढचं वर्षभर गाव हळूहळू तिकडे जायला लागलं. महिन्याचं मोठं सामान तिकडून, आणि मधेच संपलेलं मीठ, काडीपेटी, चहाची पुडी आमच्याकडून. दुपारी ओट्यावर बसून मी गल्लीतून जाणाऱ्या त्या पिवळ्या पिशव्या मोजायची आणि मला राग यायचा. त्या बायकांचा यायचा आणि माझ्या तीन साबणांचाही. चाचीचा काटाही दिवस दिवस हलायचा नाही. मामाजींना मी म्हणाले तर ते म्हणाले, "दीड रुपया म्हंजे दीड रुपया असते, बाई. त्यायनं काहून सोडावं?"

उन्हाळ्याच्या शेवटी मामाजींच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. नवऱ्यानं त्यांना अकोल्याला नेलं, आणि एका डोळ्यानंतर दुसराही करून घ्या असं डॉक्टर म्हणाले, म्हणजे दोन-तीन महिने तिकडेच. जाताना मामाजी म्हणाले, "सांगनं आइकून घेजो. अन् माल आनजो. तुले ठाऊकच हाय."

मला ठाऊकच होतं, असं मलाही वाटत होतं.

रोहिण्या लागल्या आणि बायका आल्या. वर्षभर तिकडून सामान आणणाऱ्या त्याच बायका, त्याच ओट्यावर, त्याच आवाजात: बेसन तीन किलो, तेल दोन, तुरटी एक. मी ऐकून घेतलं, पण आतून जळत होते. वर्षभर तिकडे, आणि पुरात आम्ही? मग मी हिशेबी डोकं चालवलं. या वाढवून सांगतात, म्हणून निम्मं. आता घरात तिकडचं सामानही असणार, म्हणून त्याच्याही निम्मं. मी चौथाई माल आणला. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते माझ्यासाठीच.

श्रावणात रपटा बुडाला. पहिले दोन दिवस मी ओट्यावरून पाणी बघत मजेत होते. घरी साठवलेलं कोणी दुकानात येऊन सांगत नाही, त्यामुळं मला वाटत होतं, घरोघरी भरपूर असेल. नव्हतं. पूर आठ दिवस राहील म्हणून घरात माल भरून ठेवायला हातात एकदम पैसा लागतो, आणि तो त्या वर्षी कोणाकडेच नव्हता. तिकडे जो दीड रुपया वाचायचा तो रोजच्या खाण्यातच संपत होता. हे मला, दुकानात बसून पुड्यांचे आकार बघणारीला, आधी दिसायला पाहिजे होतं.

चौथ्या दिवशी आमचं बेसन संपलं, मग तेल. पाचव्या दिवशी ती म्हातारी आजी आली, जिनं मला वरण आणि पिठल्याचं शिकवलं होतं. हातात सुतळी बांधलेली तेलाची बाटली. मी म्हणाले, "आजी, संपलं."

तिला नीट ऐकू आलं नाही असं वाटून मी पुन्हा म्हणाले. तिला ऐकू आलं होतं. ती दुकानातल्या रिकाम्या डब्याकडे बघत होती. मग म्हणाली, "बरं बाई," आणि बाटली हातात तशीच धरून ओटा उतरली. गल्ली ओलांडून चाचीकडे गेली. तिच्या मागोमाग आणखी बायका गेल्या. कोणी मला एक शब्द बोललं नाही. बोलल्या असत्या तर मीही भांडले असते, आणि मला बरं वाटलं असतं.

सहाव्या दिवशी संध्याकाळी चाचीचंही संपलं. मला ते कळलं, कारण तिनं तराजू काढून आत ठेवला. आणि मग ती, जी माझ्या देखत कधी आमच्या ओट्यावर चढली नव्हती, गुडघ्यावर हात ठेवत पायऱ्या चढून आली आणि दुकानाच्या आत उभी राहिली. तिनं सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवली.

"बहू, तुमचं आर्धं कुठी गेलं?"

"कोणतं अर्धं, चाची?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. मी थट्टा करते आहे का, हे पाहत असावी. मग खाली पोत्यावर बसली आणि मला सांगायला लागली. गावातली प्रत्येक बाई आमच्याकडे सांगते, आणि तेच, तसंच, गल्ली ओलांडून तिच्याकडेही सांगते. दोघांचाही मान राहावा म्हणून. दोघंही पूर्ण माल आणतील तर दोघांचाही निम्मा सडेल. म्हणून आर्धं आमच्याकडे, आर्धं तिच्याकडे. तिचा नवरा होता तेव्हापासून असंच.

"हे मामाजींनी अन् तुमी ठरवलं होतं?"

"ठरवाचं काय त्यात?" ती म्हणाली. "ते आर्धं आनत होते. आमी आर्धं आनत होतो. मी तिथून तुमचं आर्धं पाह्यत होती, ते इथून माहं पाह्यत होते. यंदा मेटॅडोर आली तवा मी निजून होती, ताप होता. पाह्यलं नाही. मले काय मालूम, तू पावच आनलं."

मी चुरस म्हणून जे वर्षानुवर्षं बघत होते ते हे होतं. मला रडू आलं आणि मी रडले. चाचीनं मला समजावलं नाही. ती उठली, म्हणाली, "गूळ हाय माह्याकडे थोडा. लेकरंवाल्या घरी देते," आणि गेली.

दोन दिवसांनी पाणी उतरलं. त्या दोन दिवसांत गावात लोकांनी भाकरी मिरच्यांच्या ठेच्याबरोबर, तेलाशिवाय खाल्ली. कोणी उपाशी मेलं नाही. पण मामाजींची ती एकच गोष्ट होती, आणि ती मी मोडली होती.

ते पोळ्याच्या आधी परत आले, काळा चष्मा लावून. ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि पहिलंच विचारलं, "कोनी रिकाम्या हातानं गेलं काय?"

मी सगळं सांगितलं. चौथाईचं, आजीच्या बाटलीचं, चाचीचं, आणि ओघात साबणांचंही. काळ्या काचांमुळं त्यांचे डोळे दिसत नव्हते. मग म्हणाले, "मी तुले सांगाले पाह्यजे होतं. पन मले बी कोनी सांगतलं नोतं, बाई. म्हनून सांगाची आठोन झाली नाही."

त्यानंतर मामाजी त्या विषयावर बोलले नाहीत. पण चष्मा निघाला तरी त्यांनी दुकानात बसणं कमी केलं. बायका काडीपेटी न्यायला यायच्या तेव्हा ते आत निघून जायचे. इतकी वर्षं ताठ बसलेला माणूस माझ्यामुळं आत जायला लागला. मला एकच धास्ती होती. पुढच्या रोहिण्यांना कोणी सांगायला आलंच नाही तर?

पुढच्या वर्षी रोहिण्या लागल्या आणि ओटा रिकामा. एक दिवस, दोन, पाच. मी दुपारी झाडून ठेवायची, पाण्याची कळशी भरून ठेवायची. बायका गल्लीतून जायच्या, हसायच्या, काय चाललं विचारायच्या, आणि पुढं जायच्या. समोर चाचीचाही ओटा रिकामाच. मला तेव्हा समजलं नाही, आता समजतं. एकीकडेच जाऊन सांगायची त्यांना सवय नव्हती. आणि आमच्याकडे सांगायची हिंमत नव्हती, कारण पुन्हा नाही मिळालं तर मला वाईट वाटेल.

सहाव्या दुपारी चाची पायऱ्या चढून आली. भर उन्हात, सगळ्या गल्लीला दिसेल अशी. ओट्यावर बसली, पदरानं तोंड पुसलं आणि मोठ्यानं म्हणाली, "आमच्या घरी बेसन दोन किलो, तेल एक, चाय आदपाव. तुरटी नोको, मागचीच पडली हाय."

मामाजी आतून उठून दारात आले. स्वतः दुकानदार असलेली बाई समोरच्या दुकानात पुराचं सांगत होती. मामाजींनी डोळे मिटले आणि तिचं सांगणं ऐकून घेतलं, इतरांचं घ्यायचे तसंच.

दुसऱ्या दिवशी ती म्हातारी आजी आली. मग बाकीच्या. दोनच दुपारींत सगळ्यांचं सांगून झालं, आणि प्रत्येक जण पायऱ्या उतरली की गल्ली ओलांडून समोर जाताना मला दिसत होती. आधीही जातच असणार. मी पाहत असूनही पाहिलं नव्हतं.

शेवटची बाई गेल्यावर मामाजी म्हणाले, "अन् आपलं?"

मी चपला घातल्या आणि गल्ली ओलांडली. चाचीच्या ओट्यावर मी पहिल्यांदाच बसत होते. तिथून आमचं दुकान कसं दिसतं याचं मला कुतूहल होतंच. आतल्या फळ्या खालपासून वरपर्यंत दिसतात. मी म्हणाले, "आमच्या घरी बेसन दोन, तेल एक, चहा पाव, तुरटी एक." तिनं मान हलवली. मग विचारलं, "तुह्या मामाजीची चाय बिनसाखरेचीच न आजूक?" मी हो म्हणाले.

परत आले तेव्हा मामाजी आपल्या जागेवर, तराजूपाशी बसले होते.

"सांगतलं?"

"सांगतलं."

"अन् भाव काय म्हने यंदा बेसनाचा?"

भाव विचारायचा राहूनच गेला होता.